एकमेकांना टेकलेले ठोकळे आणि त्यांच्यामधलं घर्षण: गणित सोडवायचं कसं

एक ठोकळा जमिनीवर आहे. वस्तुमान १० किलोग्रॅम, ठोकळा आणि जमीन यांच्यातला स्थितिक घर्षण गुणांक ०.५. तुम्ही त्याला ३० न्यूटन बलाने आडवं ढकललंत. घर्षण बल किती?

नव्याने शिकणाऱ्यांना हा प्रश्न विचारला की बहुतेकांचं उत्तर येतं ५० न्यूटन. गुणांक ०.५, अभिलंब बल (जमीन ठोकळ्याला लंब दिशेने वर रेटते ते बल) १०० न्यूटन, गुणाकार ५०. हिशोबात चूक काहीच नाही. पण मग पुढे ३० आणि मागे ५० असं झालं की ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून यायला हवा! असं कधी होत नाही. ठोकळा जागचा हलत नाही, म्हणजे त्याच्यावरचं एकूण बल शून्य, म्हणजे घर्षण ३० न्यूटन. तुम्ही १० न्यूटनने ढकललं असतं तर घर्षण १० झालं असतं, आणि हात काढून घेतला असता तर शून्य.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच: स्थितिक घर्षण सूत्रातून येत नाही, गरजेतून येतं. वस्तू घसरू नये म्हणून जेवढं लागेल तेवढंच ते असतं. गुणांक गुणिले अभिलंब बल ही त्याची कमाल मर्यादा आहे, त्याची किंमत नव्हे. दोन-तीन ठोकळे एकमेकांवर किंवा एकमेकांशेजारी ठेवलेली जी गणितं अवघड म्हणून ओळखली जातात, त्यांतली बरीचशी अडचण हा फरक निसटल्यामुळे येते.

घसरणं एकदा सुरू झालं की मात्र चित्र बदलतं. तिथे गतिज घर्षण लागू होतं आणि त्याची किंमत ठरलेली असते: गतिज गुणांक गुणिले अभिलंब बल. वरच्याच ठोकळ्यासाठी गतिज गुणांक ०.४ धरू आणि त्याला ६० न्यूटनने ढकलू. गरज ६० ची, मर्यादा ५० ची. ठोकळा सुटतो. आता घर्षण ४० न्यूटन, उरलेलं बल २० न्यूटन, त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. (या लेखात गुरुत्व त्वरण सगळीकडे १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं आहे. पुढे हे एकक मी/से² असं लिहितो.)

या नियमांमागे मोठा इतिहास आहे. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये मांडलं. पुढे कुलोंबने, विद्युतप्रभारांच्या नियमामुळे ज्याचं नाव आपल्याला माहीत असतं त्यानेच, भरपूर प्रयोग करून १७८५ मध्ये घर्षणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. क्षेत्रफळाची गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. ठोकळा आडवा ठेवा की उभा, घर्षण तेवढंच कसं? कारण दोन पृष्ठभाग आपल्याला सपाट दिसले तरी प्रत्यक्षात ते फक्त सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेले असतात. खरी टेकलेली जागा दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोडा अंश असते आणि दाब वाढला की ती वाढते. हे नियम निसर्गाचे मूलभूत नियम नाहीत, कामचलाऊ आहेत. रबर किंवा चिकट पृष्ठभागांना ते नीट लागू पडत नाहीत. पण ठोकळ्यांच्या गणितांसाठी ते पुरेसे आहेत.

पहिली पायरी: ठोकळे सुटे करा

गणितात दिलेलं चित्र एकत्र असतं. तुम्ही प्रत्येक ठोकळा वेगळा, एकमेकांपासून लांब काढा. यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. वेळ वाचवायला ही आकृती गाळू नका. मी वर्षानुवर्षं ही गणितं सोडवतो आहे आणि अजूनही ती काढतो.

प्रत्येक सुट्या ठोकळ्यावर तीन प्रकारची बलं शोधायची. एक, त्याचं वजन, सरळ खाली. दोन, बाहेरून कोणी ओढत किंवा ढकलत असेल तर ते बल, दोरी असेल तर तिचा ताण. तीन, जिथे जिथे त्याला दुसरं काही टेकलं आहे तिथून येणारी बलं. प्रत्येक टेकलेल्या जागी दोन बाण: एक पृष्ठभागाला लंब, म्हणजे अभिलंब बल, आणि एक पृष्ठभागाला समांतर, म्हणजे घर्षण. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याचं सांगितलं असेल तर दुसरा बाण नाही.

आता न्यूटनचा तिसरा नियम. वरच्या ठोकळ्यावर खालच्याकडून घर्षण पुढच्या दिशेने असेल, तर खालच्यावर वरच्याकडून तेवढंच घर्षण मागच्या दिशेने असणारच. दोन आकृत्यांमध्ये हे दोन बाण समोरासमोर हवेत. आकृत्या संपल्यावर एकदा मोजून घ्या: ठोकळ्यांच्या मधल्या प्रत्येक बाणाला दुसऱ्या आकृतीत जोडीदार आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: अभिलंब बल नीट काढा

"अभिलंब बल म्हणजे वजन" हे वाक्य डोक्यातून काढून टाकायला हवं. सपाट जमीन, बल आडवं आणि वर दुसरं काही ठेवलेलं नाही, एवढ्या एकाच परिस्थितीत ते खरं आहे.

पहिल्याच ठोकळ्याला आता ५० न्यूटनचं बल तिरकं लावू. कोन असा की बलाचा आडवा घटक ४० आणि उभा घटक ३० न्यूटन. दोरी बांधून वरच्या दिशेने तिरकं ओढलं, तर ३० न्यूटन ठोकळ्याला उचलू पाहतात. जमिनीवर दाब उरतो १०० वजा ३०, म्हणजे ७० न्यूटन. घर्षणाची मर्यादा ०.५ × ७० = ३५. आडवी ओढ ४०. ठोकळा निघाला. आता तेच बल, तोच कोन, पण मागून खालच्या दिशेने तिरकं ढकला. दाब १३० न्यूटन, मर्यादा ६५, आणि आडवा घटक तोच ४०. ठोकळा ढिम्म. जड वस्तू ढकलण्यापेक्षा तिरकी वर ओढणं सोपं का जातं, त्याचं कारण हेच.

दुसरं उदाहरण भिंतीचं. २ किलोग्रॅमचा ठोकळा उभ्या भिंतीवर तळहाताने आडवा दाबून धरला आहे. हात गुळगुळीत आहे असं समजू, म्हणजे फक्त भिंतीचं घर्षण उरेल. गुणांक ०.४. इथे अभिलंब बल म्हणजे हाताचा दाब. वजनाचा त्याच्याशी संबंधच नाही. वजन २० न्यूटन खाली, ते तोलायला घर्षण २० न्यूटन वर हवं. म्हणजे ०.४ गुणिले दाब हा गुणाकार किमान २० असायला हवा, दाब किमान ५० न्यूटन. आणि दाब वाढवून ८० केला तर घर्षण किती? ३२ नाही. २० च. मर्यादा वाढली, गरज तीच राहिली. दाब वाढवला म्हणून ठोकळा वर चढत नाही ना!

तिसरी पायरी: घर्षणाची दिशा ठरवा

"घर्षण गतीच्या विरुद्ध असतं" असं आपण लहानपणी शिकतो. एकच वस्तू स्थिर जमिनीवर घसरत असते तोपर्यंत ते चालतं, पण ठोकळ्यावर ठोकळा आला की हेच वाक्य घात करतं. घर्षण विरोध करतं ते दोन टेकलेल्या पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला. गतीला नव्हे.

चालताना पाय जमिनीला मागे रेटतो. घर्षण नसतं तर पाय मागे घसरला असता. म्हणून पायावरचं घर्षण पुढच्या दिशेने असतं, आणि आपण पुढे जातो ते त्याच घर्षणामुळे.

दिशा ओळखायची एक खात्रीची युक्ती आहे. ज्या जागचं घर्षण शोधायचं आहे ती जागा क्षणभर मनात गुळगुळीत करा आणि स्वतःला विचारा: आता हा ठोकळा त्या दुसऱ्याच्या तुलनेत कुठे घसरेल? जिकडे घसरेल त्याच्या उलट दिशेला त्याच्यावरचं घर्षण. खालचा ठोकळा झटकन पुढे ओढला आणि मधली जागा गुळगुळीत असली, तर वरचा जागीच राहील, म्हणजे खालच्याच्या तुलनेत मागे पडेल. म्हणून वरच्यावर घर्षण पुढे. वरचा ठोकळा पुढे जातो आणि त्याच्यावरचं घर्षणही पुढेच असतं. यात विसंगती काहीच नाही.

तरीही दिशा कळली नाही तर कोणतीही एक धरून गणित करा. स्थितिक घर्षणाचं उत्तर ऋण आलं तर दिशा उलटी आहे, एवढंच. गतिज घर्षणात मात्र ही मुभा नाही. तिथे तुम्ही किंमत स्वतः भरता, त्यामुळे दिशा चुकली तर उत्तरही चुकतं आणि चिन्ह तुम्हाला सावध करत नाही.

उतारावर दिशा कशी पालटते ते पाहण्यासारखं आहे. ३० अंशांच्या उतारावर ४ किलोग्रॅमचा ठोकळा, स्थितिक गुणांक ०.७. उताराच्या दिशेने वजनाचा घटक २० न्यूटन, अभिलंब बल सुमारे ३४.६, घर्षणाची मर्यादा सुमारे २४.२. ठोकळा स्थिर, घर्षण २० न्यूटन वरच्या दिशेने. आता त्याला उताराला समांतर वर २० न्यूटनने ओढा. घर्षण शून्य! ओढ ३५ केली तर घर्षण १५ न्यूटन, पण आता खालच्या दिशेने. ओढ ४४.२ च्या पुढे गेली की ठोकळा वर सरकतो. एकच ठोकळा, एकच उतार, आणि घर्षण वरून शून्यावर, शून्यावरून खाली.

चौथी पायरी: एकत्र आहेत असं धरा, गरज काढा, मर्यादेशी ताडून पाहा

आता खरा गाभा. गुळगुळीत जमिनीवर ६ किलोग्रॅमचा ठोकळा, त्याच्यावर २ किलोग्रॅमचा. दोघांमध्ये स्थितिक गुणांक ०.३, गतिज ०.२. सगळं सुरुवातीला स्थिर आहे. खालच्या ठोकळ्याला १६ न्यूटनने आडवं ओढलं. त्वरणं किती?

वरचा घसरेल की नाही हे अजून माहीत नाही. म्हणून आधी धरून चाला की दोघं एकत्रच जातात. मग ते ८ किलोग्रॅमच्या एकाच वस्तूसारखे. मधलं घर्षण हे त्यांच्या घरातलं देणंघेणं, ते हिशोबात येत नाही. त्वरण १६ ÷ ८ = २ मी/से².

आता फक्त वरच्या ठोकळ्याची आकृती पाहा. त्याला आडव्या दिशेत ढकलणारं एकच बल आहे, घर्षण. त्याला २ मी/से² त्वरण हवं तर घर्षण २ × २ = ४ न्यूटन लागेल. ही गरज. मर्यादा ०.३ × २० = ६ न्यूटन. गरज मर्यादेच्या आत आहे. गृहीतक टिकलं, उत्तर पक्कं: दोघांचं त्वरण २, घर्षण ४ न्यूटन.

ओढ ४० न्यूटन केली तर? एकत्र धरून त्वरण ५, वरच्याची गरज १० न्यूटन. मर्यादा ६. भागत नाही. म्हणजे आपलं गृहीतक चुकलं आणि ठोकळे एकमेकांवर घसरतात. इथे केलेलं सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची, आता गतिज घर्षण घेऊन: ०.२ × २० = ४ न्यूटन. वरच्याचं त्वरण ४ ÷ २ = २. खालच्यावर ओढ ४० पुढे आणि घर्षण ४ मागे, म्हणून (४० − ४) ÷ ६ = ६. खालचा जास्त वेगाने पुढे निघतो, वरचा त्याच्या तुलनेत मागे पडतो, म्हणजे वरच्यावर घर्षण पुढे हे आपण धरलं ते बरोबर. शेवटची ही पडताळणी करायचीच.

गणितात बऱ्याचदा पुढे विचारतात: वरचा ठोकळा खालच्याच्या मागच्या कडेपासून ०.५ मीटरवर असेल तर तो किती वेळाने पडेल? खालच्याच्या तुलनेत वरच्याचं त्वरण ६ − २ = ४, मागे. अंतर ०.५ = ½ × ४ × वेळेचा वर्ग. वेळ ०.५ सेकंद. इथे सापेक्ष त्वरण वापरायचं. जमिनीवरून मोजलेलं २ मी/से² इथे घातलं तर उत्तर चुकेल.

घसरण्याआधी जास्तीत जास्त किती ओढता येईल? वरच्याला घर्षण फार तर ६ न्यूटन देऊ शकतं, म्हणजे त्याचं त्वरण फार तर ३. दोघांचं मिळून ८ × ३ = २४ न्यूटन.

आता हेच बल खालच्याऐवजी वरच्या ठोकळ्याला लावा. मर्यादा तीच ६ न्यूटन. मग उत्तरही २४ च येईल, असं वाटतं का? जरा थांबा आणि खालच्याची आकृती पाहा. आता घर्षणाला ओढायचा आहे ६ किलोग्रॅमचा जड ठोकळा. तो ६ न्यूटनने फार तर १ मी/से² त्वरण घेईल. दोघं एकत्र राहायचे तर बल फक्त ८ × १ = ८ न्यूटन. चोवीस आणि आठ! ठोकळे तेच, घर्षण तेच, फक्त बल कुठे लावलं ते बदललं. ज्याच्यावर बाहेरचं बल नाही, त्याला हलवायची जबाबदारी घर्षणावर येते. हलका असेल तर काम सोपं, जड असेल तर लवकरच मर्यादा गाठली जाते. गणितात आधी हाच ठोकळा शोधा. घसरणार की नाही हे तिथेच ठरतं.

जमीनही खडबडीत असेल तेव्हा

आता दोन जागी घर्षण आहे. वरचा २ किलोग्रॅम, खालचा ३ किलोग्रॅम. दोघांमध्ये स्थितिक गुणांक ०.५, गतिज ०.४. खालचा आणि जमीन यांच्यात दोन्ही गुणांक ०.३ धरू. मर्यादा आधीच लिहून ठेवा: मधल्या जागी ०.५ × २० = १०, जमिनीपाशी ०.३ × ५० = १५. जमिनीवर दोघांचंही वजन पडतं, म्हणून ५०. तिथे ३० घेणं ही फार नेहमीची चूक.

वरच्या ठोकळ्याला ओढलं तर खालचा केव्हा हलेल? कधीच नाही. खालच्याला पुढे नेणारं बल म्हणजे मधलं घर्षण, ते फार तर १०. आणि जमीन त्याला १५ पर्यंत धरून ठेवू शकते. वरचा कितीही जोरात ओढा, तो निसटेल पण खालचा जागचा हलणार नाही. पुढची समीकरणं मांडण्याआधी दोन मर्यादांची अशी तुलना केली तर अर्धं गणित तिथेच सुटतं.

वरच्याला १२ न्यूटनने ओढलं असं समजा. मर्यादा १० ओलांडली, वरचा घसरतो, गतिज घर्षण ०.४ × २० = ८, वरच्याचं त्वरण (१२ − ८) ÷ २ = २. खालच्यावर पुढे ८. मग जमिनीचं घर्षण किती? १५ लिहायचा मोह होतो. पण खालचा स्थिर आहे, त्याची गरज ८ ची आहे, म्हणून ८.

आता खालच्याला १२ न्यूटनने ओढा. जमीन १५ पर्यंत धरते, काहीच हलत नाही, जमिनीचं घर्षण १२. आणि दोन ठोकळ्यांच्या मधलं? शून्य. वरच्याचं त्वरण शून्य, त्याच्यावर आडव्या दिशेत दुसरं बल नाही, मग घर्षणाला तिथे कामच काय? पृष्ठभाग खडबडीत आहे म्हणून घर्षण असलंच पाहिजे असं नाही.

ओढ २५ केली तर दोघं एकत्र धरून त्वरण (२५ − १५) ÷ ५ = २, वरच्याची गरज ४, मर्यादा १०, सगळं जुळलं. वरचा घसरायला लागेपर्यंत त्वरण ५ पर्यंत नेता येतं, म्हणजे ओढ १५ + ५ × ५ = ४० न्यूटनपर्यंत.

सुरुवातीलाच वेग वेगळे असतील तर

"एकत्र धरा" ही पायरी फक्त तेव्हाच, जेव्हा दोघांचे वेग त्या क्षणी सारखे असतात. वेग आधीच वेगळे असतील तर घसरणं चालूच आहे, सरळ गतिज घर्षण घ्या.

गुळगुळीत जमिनीवर ६ किलोग्रॅमची लांब फळी स्थिर आहे. तिच्यावर २ किलोग्रॅमचा ठोकळा ४ मीटर प्रति सेकंद वेगाने आला. गतिज गुणांक ०.२, घर्षण ४ न्यूटन. ठोकळा २ मी/से² ने मंदावतो, फळी ४ ÷ ६ = २/३ मी/से² ने वेग घेते. वेग सारखे होतात १.५ सेकंदानंतर, दोघांचा वेग १ मीटर प्रति सेकंद. संवेग अक्षय्यतेने ताडून पाहा: २ × ४ = ८ × १. जुळलं. तोवर ठोकळा फळीवर ३ मीटर घसरलेला असतो.

त्यानंतर घर्षण किती? शून्य. वेग सारखे, त्वरणाची गरज नाही, आणि ४ न्यूटनचं घर्षण त्या क्षणी नाहीसं होतं. गतिज घर्षण सोडून पुन्हा गरजेच्या हिशोबात यायचं ते इथे. अनेकजण पुढेही ४ न्यूटन चालू ठेवतात आणि मग ठोकळा उलटा धावायला लागतो.

शेजारी शेजारी टेकलेले ठोकळे

३७ अंशांच्या उतारावर (साइन ०.६, कोसाइन ०.८ घेऊ) दोन ठोकळे एकमेकांना टेकून घसरत आहेत. वरच्या बाजूचा २ किलोग्रॅम, गतिज गुणांक ०.२५. खालच्या बाजूचा ३ किलोग्रॅम, गुणांक ०.५. एकमेकांना किती बलाने दाबतात?

आधी प्रत्येकजण एकटा असता तर कसा घसरला असता ते पाहा. वरचा: १२ − ४ = ८ न्यूटन, त्वरण ४. खालचा: १८ − १२ = ६ न्यूटन, त्वरण २. मागचा वेगवान, पुढचा संथ, म्हणून मागचा पुढच्याला रेटणार. एकत्र त्वरण (८ + ६) ÷ ५ = २.८. वरच्यासाठी ८ वजा दाब = २ × २.८ = ५.६, म्हणजे दाब २.४ न्यूटन.

त्यांची जागा बदलली तर हेच समीकरण दाब −२.४ देतं. ठोकळे एकमेकांना चिकटवलेले नाहीत, टेकलेले आहेत. टेकलेली वस्तू ढकलू शकते, ओढू शकत नाही. ऋण दाब म्हणजे ते वेगळे होतात, दाब शून्य, आणि पुढचा ४ ने, मागचा २ ने घसरतो.

अशाच जातीचं एक छोटं उदाहरण: पुढे पळणाऱ्या गाडीच्या समोरच्या उभ्या पृष्ठभागाला ठोकळा टेकून आहे, तो खाली पडू नये म्हणून त्वरण किती हवं? अभिलंब बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. घर्षणाने वजन तोलायचं. वस्तुमान दोन्हीकडून कटतं आणि त्वरण किमान गुरुत्व त्वरण भागिले गुणांक एवढं लागतं. गुणांक ०.५ असेल तर २० मी/से². ठोकळा जड आहे की हलका, काही फरक नाही.

आता तुम्ही करून पाहा

त्याच ३७ अंशांच्या उतारावर एक ठोकळा, आणि त्याच्या पाठीवर २ किलोग्रॅमचा दुसरा. दोघांना जोडणारा पृष्ठभाग उताराला समांतर आहे. पहिला प्रश्न: उतार पूर्ण गुळगुळीत असेल तर दोघांमधलं घर्षण किती? दुसरा: खालचा ठोकळा आणि उतार यांच्यात गतिज गुणांक ०.२५ असेल तर वरचा न घसरता सोबत यायला मधला स्थितिक गुणांक किमान किती हवा?

कागद घ्या, दोन्ही ठोकळे सुटे काढा, मगच पुढे वाचा.

पहिल्याचं उत्तर शून्य. दोघं ६ मी/से² ने घसरतात, आणि वरच्याला तेवढं त्वरण द्यायला त्याच्या स्वतःच्या वजनाचा घटक, १२ न्यूटन, पुरेसा आहे. दुसऱ्यात एकत्र त्वरण ६ − २ = ४ होतं, वरच्यासाठी १२ वजा घर्षण = ८, म्हणून गरज ४ न्यूटन, उताराच्या वरच्या दिशेने. अभिलंब बल १६. गुणांक किमान ४ ÷ १६ = ०.२५, उताराच्या गतिज गुणांकाएवढाच. खालच्या ठोकळ्याचं वस्तुमान दिलेलंच नव्हतं, आणि ते कुठे लागलंही नाही. का, ते खालच्या ठोकळ्याच्या आकृतीत शोधा.